एकोणीस सोंगट्या आणि एक चौकट

गेल्या रविवारी संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या चहाच्या लारीशेजारच्या ओट्यावर जो वाद झाला, त्यात आरोपी माझाच प्रोग्राम होता. त्यामुळे तो लिहून काढण्याचे कामही माझ्याकडेच आले.

मी पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत, पँडा थ्रीडी या खेळ बनवण्याच्या इंजिनावर, कॅरमचा एक छोटा खेळ करतो आहे. त्यात सरावासाठी एक मांडणीचा पडदा आहे, जिथे कोणतीही सोंगटी माऊसची टिचकी (क्लिक) मारून उचलावी आणि हवी तिथे ठेवावी. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी अशा एकोणीस सोंगट्यांसाठी मी एकोणीस डायरेक्टबटन, म्हणजे इंजिनाची तयार बटने, केली होती आणि प्रत्येकावर पारदर्शक कोपऱ्यांचे गोल चित्र चढवले होते. दिसायला सारे ठाकठीक होते. अण्णांनी मात्र लॅपटॉप मांडीवर घेऊन राणीला चिकटलेल्या एका सोंगटीच्या कडेवर टिचकी मारली आणि उचलली गेली तिच्या वरची. “तुझ्या सोंगट्या एकमेकींच्या अंगावर बसल्या आहेत,” असे ते म्हणाले. अण्णा आयुष्यभर कॅरम खेळले आहेत, प्रोग्रामिंगशी त्यांचा काही संबंध नाही. पण निदान अचूक होते.

इंजिनाच्या लेखी प्रत्येक विजेट, म्हणजे बटनासारखा पडद्यावरचा घटक, आयताकृती असते. डायरेक्टबटनच्या पोटात सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेले पीजीबटन असते, ते पीजीआयटम या मूळ प्रकारापासून निघते, आणि त्याला माऊससाठी माहीत असतात त्या केवळ चार मर्यादा: डावी, उजवी, खालची, वरची. चित्राचा कोपरा पारदर्शक आहे की भरीव, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आता सुरुवातीच्या मांडणीत राणीभोवती सहा आणि त्यांच्याभोवती बारा सोंगट्या दाटीने बसतात. सोंगटीची त्रिज्या १ मानली, तर लगतच्या दोन ओळींच्या मध्यांमध्ये अंतर सुमारे १.७३ येते आणि प्रत्येकीची चौकट मात्र २ उंचीची असते. म्हणजे गोल नुसते टेकले असले तरी चौकटी ०.२७ इतक्या एकमेकींवर चढतात, आणि त्या पट्टीत टिचकी पडली की नंतर रेखाटलेली सोंगटी ती आपल्याकडे घेते.

भाऊ सी प्लस प्लसवाला. त्याचे म्हणणे असे की, सरळ पीजीबटनचा उपवर्ग, म्हणजे त्याच्यावर बेतलेला नवा प्रकार, करावा, त्याचे दाबल्यावर चालणारे प्रेस हे फंक्शन स्वतः लिहावे आणि त्यात वर्तुळाची तपासणी करावी. ताईने तिथेच त्याला अडवले. “पायथॉनमध्ये उपवर्ग होईल रे, पण इंजिनाचा सी प्लस प्लस भाग तुझे फंक्शन कधी बोलावणारच नाही. आभासी, म्हणजे एरवी उपवर्गात बदलता येणारी, फंक्शने पायथॉनमधून बदलता येत नाहीत. तुला फक्त घटना, म्हणजे ‘टिचकी पडली’ अशा सूचना, ऐकता येतात.” भाऊने हे लगेच मान्य केले नाही, माझ्या लॅपटॉपवर पाच ओळी लिहून पाहिल्या, टिचक्या मारल्या, आणि मग तो शांतपणे चहाकडे वळला. मीही पूर्वी याच पाच ओळींवर एक अख्खी दुपार घालवली होती, पण ते त्या क्षणी सांगण्यासारखे नव्हते.

मग घटना ऐकून, टिचकी वर्तुळाबाहेर असेल तर बटनाने ती सोडून द्यावी, असा तोडगा निघाला. पण सोडून दिलेली टिचकी खालच्या बटनाला आपोआप मिळत नाही. वरच्याने घेतली की ती संपली. म्हणून माझे मत असे पडले, आणि ते मी अजूनही सोडलेले नाही, की सोंगट्या बटने नसाव्यातच. पटाएवढी एकच डायरेक्टफ्रेम, म्हणजे साधी चौकट, ठेवावी आणि तिच्यावर डाव्या बटनाची घटना बांधून सर्वांत जवळचा मध्य शोधावा. तो त्रिज्येच्या आत असेल तर ती सोंगटी, नाही तर कोणतीच नाही. यात दोन गोष्टी विसरून चालत नाहीत. फ्रेम मुळात निष्क्रिय असते, तिची स्थिती स्वतः नॉर्मल करावी लागते. शिवाय घटनेबरोबर येणारा माऊसचा बिंदू दोन्ही दिशांना उणे १ ते १ या मापात असतो, तर सोंगट्या ॲस्पेक्टटूडी या, खिडकीच्या आकारानुसार माप बदलणाऱ्या, पातळीखाली असतात, आणि ८०० गुणिले ६०० च्या खिडकीत तिथले आडवे माप उणे १.३३ ते १.३३ असते. रूपांतर केले नाही तर पटाच्या मधोमध सगळे बरोबर चालते आणि कडेला जावे तशी चूक वाढत जाते. मध्यावरच तपासणाऱ्याला ती सापडतही नाही.

“आणि माऊस वर आल्यावर सोंगटी उजळायची, त्याचे काय?” ताईचा हा आक्षेप खरा आहे. बटनाला तयार, दाबलेले, माऊसखालचे आणि निष्क्रिय अशा चार स्थिती फुकट मिळतात. एका फ्रेमवर आल्यावर त्या सगळ्या हाताने कराव्या लागतील.

बोलणे तिथून ‘पुन्हा मांडा’ या खऱ्या बटनाकडे गेले. त्याच्या गुईआयटमला, म्हणजे पोटातल्या पीजीबटनला, हात घालून मी माऊसखालच्या स्थितीसाठी वेगळी किनार लावली होती, आणि डाव बदलताना फ्रेमकलर, म्हणजे चौकटीचा रंग, बदलला की ती नाहीशी होत असे. ताईने कारण एका वाक्यात सांगितले: डायरेक्टबटन चारही स्थितींच्या शैलींची यादी स्वतःजवळ ठेवते आणि रंग बदलताना ती सगळीच्या सगळी खाली पुन्हा लिहिते. एकाच किनारीला दोन मालक झाले होते. ती यादी, म्हणजे फ्रेमस्टाइल, तिच्यातलीच तिसरी नोंद बदलून अपडेटफ्रेमस्टाइल हे फंक्शन बोलावल्यावर किनार टिकली.

‘शिल्लक’ या पाटीत शची वेलांटी मागे पडते, ही अण्णांची तक्रार मात्र विजेटची नव्हती. देवनागरीचा फॉन्ट मी घातलाच होता. इंजिनाच्या सेटिंगच्या फाइलीत हार्फबझ, म्हणजे वेलांट्या-जोडाक्षरे नीट जुळवणारी सोय, चालू करायचे राहिले होते.

सोमवारी मी एकोणीस बटने काढून एक फ्रेम लावली. बटने काढताना प्रत्येकावर डिस्ट्रॉय हे फंक्शन बोलावले, कारण पडद्यावरच्या दृश्यातला त्याचा नुसता नोड काढला तर बांधलेल्या घटना मागे राहतात. टिचकी आता बरोबर सोंगटीला लागते. उजळण्याचे काम अजून व्हायचे आहे, आणि ते होईपर्यंत ताई माझा तोडगा अर्धाच धरते.