तो ‘चोवीस तास डॉक्टर’ मीच

औसा रस्त्याला माझ्या मामेभावाची शेती आहे. आखाड्याशेजारी, म्हणजे शेतावरच्या गोठ्याजवळ, दोन खोल्या बांधून त्यानं कृषी पर्यटन सुरू केलं, हुरडा पार्टीला माणसं येऊ लागली, इथपर्यंत मला आनंदच होता. आता त्याच्या डोक्यात ‘मिनी झू’ शिरलंय: मकाव (मोठे रंगीत परदेशी पोपट), इग्वाना (मोठे परदेशी सरडे), ससे, कासव, शंभर रुपये तिकीट. दिवाळीत मी नको म्हणालो. परवा त्यानं व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर पाठवला आणि खाली लिहिलं, “दादा, उगं विरोध करलालास. हे वाच अन् मग बोल.”

हाच मजकूर त्या दिवशी मला आणखी तीन ग्रुपांवर दिसला. ‘छोटी खासगी प्राणिसंग्रहालये वाचवा’ असं त्याचं नाव. म्हणणं थोडक्यात असं: पिंजऱ्यात प्राणी जंगलापेक्षा जास्त जगतो, परदेशी प्राण्यांना आपला कायदा लागू नाही, अशा ठिकाणी चोवीस तास डॉक्टर असतो, दुर्मिळ प्रजाती वाचतात, लेकरांना शिक्षण मिळतं, आणि हेमलकशाला प्रकाश आमटे प्राणी सांभाळतात ते चालतं तर आम्हाला का नाही?

डॉक्टरपासूनच सुरुवात करतो, कारण तो डॉक्टर मी आहे. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, लातूर जिल्ह्यात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी बघतो. गाय अडली तर रात्री दोन वाजता चिखलात हात घालतो, त्यात मला शंका वाटत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात एका पर्यटन केंद्रातून फोन आला की “सरडा चालेना झालाय.” जाऊन बघतो तर इग्वाना. पत्र्याच्या शेडखाली काचेच्या पेटीत ठेवलेला. मागचे पाय सुजून वाकडे झालेले, जबडा दाबला तर रबरासारखा दबत होता. खायला काय देता विचारलं तर उकडलेलं अंडं, चपाती, कधी दूध-भाकरी. इग्वाना पाला खाणारा प्राणी आहे. त्याला अन्नातून चुना (कॅल्शियम) लागतो आणि तो हाडात मुरायला थेट ऊन लागतं, कारण उन्हातले अतिनील किरण अंगावर पडल्याशिवाय त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही. काच हे किरण अडवते. म्हणजे मराठवाड्यात, जिथं ऊन सोडून बाकी सगळ्याची टंचाई, तिथं तो प्राणी उन्हावाचून मेला. पेटी उचलून उन्हात ठेवली असती तर भाजून मेला असता.

मी माझ्या सरांना फोन लावला, चुन्याचं औषध मोजून दिलं, बाहेर जाळीत ठेवायला सांगितलं. चौथ्या दिवशी तो गेला. मालक वाईट माणूस नव्हता, फीसुद्धा दिली. पण त्याच्या फलकावर ‘चोवीस तास डॉक्टर’ लिहिलेलं होतं आणि तो डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा इग्वानाला हात लावत होता. तालुक्याच्या ठिकाणी सरपटणाऱ्या प्राण्यांचा किंवा परदेशी पक्ष्यांचा जाणकार बसलेला नसतो. जो मिळतो तो आमच्यासारखा, गुरांचा. आजारी पोपट मरेपर्यंत आजार लपवतो. तो फुगून बसलेला दिसला की बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. हे ओळखायला रोजची सवय झालेली नजर लागते, डॉक्टरचा मोबाइल नंबर पुरत नाही.

जास्त जगण्याच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. २०१६ साली पन्नासहून अधिक सस्तन प्राण्यांच्या जातींची तुलना प्रसिद्ध झाली. त्यातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त जाती प्राणिसंग्रहालयात अधिक जगल्या. पण फायदा मुख्यतः छोट्या, भरभर वाढणाऱ्या, जंगलात कुणाचं तरी भक्ष्य होणाऱ्या जातींना झाला. हत्तीचं उलट. २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आफ्रिकी हत्तिणींचं मध्यक आयुष्य (निम्म्या जिथवर जगल्या ते वय) १६.९ वर्षं निघालं, आणि केनियातल्या अंबोसेलीत, माणसानं मारलेल्या सोडून, ५६ वर्षं. शिवाय हे आकडे नोंदी ठेवणाऱ्या मोठ्या संस्थांचे आहेत. पत्र्याच्या शेडला ते लावता येत नाहीत. सशाला घाम येत नाही, तो कानातून उष्णता टाकतो. मे महिन्यात बेचाळीस अंशांत पत्र्याखाली तोंड उघडून धापा टाकणारे ससे मी बघितलेत. त्यांच्या आयुष्याची सरासरी कुणी काढत नाही.

आता कायदा. ‘परदेशी प्राण्यांना लागू नाही’ हे वाक्य आपल्या माणसाला तुरुंगात घालू शकतं, म्हणून नीट सांगतो. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यातलं कलम ३८-एच सांगतं की केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. ते खासगी असो की नगरपालिकेचं. याच कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेल्या परदेशी जातींसाठी वेगळी अनुसूची आली आणि अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली. तिचे नियम २०२४ साली निघाले. मकाव, इग्वाना, बॉल पायथन अजगर, आफ्रिकन ग्रे पोपट हे सगळे त्यात येतात. पिल्लू झालं तरी कळवायचं, मेलं तरी कळवायचं. बजरीगर, कॉकाटील या छोट्या पोपटांना ही अट नाही, तेवढं त्या मजकुराचं बरोबर.

आणि ‘घरचं कासव शुभ असतं, त्याला काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी ऐकावं. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं तारा कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. ते बाळगलं तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. आपला गळ्यावर पट्टा असलेला हिरवा राघूसुद्धा संरक्षित आहे. ढोलीतून काढलेलं त्याचं पिल्लू पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, मग ते कितीही गोड बोलो.

दुर्मिळ प्रजाती वाचतात? पांढऱ्या वाघाचं उदाहरण दिलंय. तो प्रजातीच नाही. १९५१ साली रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहन नावाच्या वाघापासून, त्याच्याच लेकीशी संबंध घडवून हा वंश वाढवला. वाकडे कणे हे त्याचंच फळ. खरं वाचवणं कसं असतं ते आम्हा पशुवैद्यांना चांगलं माहीत आहे, कारण गिधाडं आमच्या औषधानं मेली. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली गुरांसाठी ते औषध बंद करावं लागलं, आणि हरियाणात पिंजोरला गिधाडांचं प्रजनन केंद्र उभं राहिलं. तिथं गिधाडाला हातावर बसवून फोटो काढून मिळत नाही.

लेकरांच्या शिक्षणाबद्दल एवढंच: पंख कापलेला, छातीची पिसं स्वतःच उपटलेला मकाव हातावर घेऊन लेकरू काय शिकतं? नाथसागरावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. बीड जिल्ह्यात नायगावला मोर आहेत. सहल तिकडं न्या.

हेमलकशाचं नाव घेतलं म्हणून मला सगळ्यात जास्त राग आला. प्रकाश आमट्यांकडे आलेली पिल्लं बाजारातून विकत आणलेली नव्हती. शिकारीत आई मेली, म्हणून आदिवासींनी ती आणून दिली. खासगी असणं हा दोष नाहीच. रोम्युलस व्हिटेकरांनी १९७६ साली चेन्नईजवळ सुरू केलेली मगरींची बँकसुद्धा खासगी विश्वस्त संस्था आहे आणि तिनं मगरी आणि सुसरींवर मोठं काम केलं. माझा प्रश्न फक्त एक आहे. प्राणी तुमच्याकडे का आला? त्याला गरज होती म्हणून, की तिकीट लावायचं होतं म्हणून?

हे सगळं मी मामेभावाला फोनवर सांगितलं. बराच वेळ तो गप्प राहिला, मग म्हणाला, “मग आखाड्यावर ठेवू काय, दादा?”

देवणी गाई ठेव, म्हणालो. वानेरा, बालंक्या, शेवरा, तिन्ही रंगांच्या ठेव. लाल कंधारीची एक जोडी आण, चार उस्मानाबादी शेळ्या आण. पुण्या-मुंबईच्या लेकरांनी धार काढलेली बघितली नाही, वासरू उभं राहताना बघितलेलं नाही. आणि त्यातलं एखादं रात्री दोन वाजता अडलं तर फोन कर, मी येतो.