केप्याच्या मतदाराने आणखी काय करायचं?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट असली तरी लेख नीट वाचून लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

गोव्याच्या २०२२ च्या निकालाने आणि त्यामागून आलेल्या फुटीने निराश झालोय, पक्षांतराचा कायदा बदलायला हवा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की मला हवा तो पक्ष हरला म्हणून हे रडगाणं आहे. गोव्याच्या मतदाराला फुटिरांचं काही वाटत नाही, तेव्हा दोष त्याचाच. आणि ज्यांचं या कायद्यावर फावतंय ते तो बदलतील कशाला?

रडगाण्याचं आधी बघू. भाजपने ३३ टक्के मतांवर ४० पैकी २० जागा जिंकल्या, याबद्दल माझी तक्रार नाही. विरोधकांनी आपसात मतं फोडली आणि त्याची किंमत मोजली. काँग्रेसनेही याच पद्धतीवर वर्षानुवर्षं राज्य केलं.

मतदाराला दोष देणं मात्र मला अजिबात पटत नाही. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. पुढे होते खुद्द विरोधी पक्षनेते बाबू कवळेकर, आणि ते थेट उपमुख्यमंत्री झाले. मार्च २०२२ मध्ये त्यांच्याच मतदारसंघातल्या, केप्याच्या लोकांनी त्यांना पाडलं. सांत आंद्रेत त्या दहांतल्याच फ्रान्सिस सिल्वेरांना रिव्होल्युशनरी गोवन्स या स्थानिक पक्षाच्या वीरेश बोरकरांनी ७६ मतांनी हरवलं. त्या दहांपैकी बहुतेकांना लोकांनी घरी बसवलं, मोन्सेरात दांपत्यासारखे मोजकेच तरले. याला ‘काही वाटत नाही’ म्हणायचं? मतदाराच्या हातात जे होतं ते त्याने केलं.

आणि त्याच वर्षी काय झालं ते आठवा. निवडणुकीआधी, जानेवारीत, काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या फुलांच्या खुरसापाशी (क्रॉसपाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली होती. (राज्यघटनेत पक्षांतरबंदी असताना तीन-तीन देवस्थानांना साकडं घालावं लागतं, यातच सगळं आलं.) निवडून आले ११. १४ सप्टेंबर २०२२ ला त्यातले आठ भाजपमध्ये गेले. शपथेचं काय, असं विचारल्यावर त्या आठांतले माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी सांगितलं की आपण देवाला पुन्हा विचारून घेतलं.

आठ हा आकडा काही देवाने सांगितला नव्हता. तो राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाच्या, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याच्या, चौथ्या परिच्छेदातून येतो. विधिमंडळ पक्षाचे दोन-तृतीयांश सदस्य विलीनीकरणाला तयार झाले तर कुणीच अपात्र ठरत नाही. अकराचे दोन-तृतीयांश सातच्या थोडे वर जातात, म्हणून आठ. पंधरांमधले दहाही त्याच हिशेबाचे. मार्च २०१९ मध्ये मध्यरात्री मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) तिघांपैकी दोघे आमदार भाजपमध्ये गेले, तेही त्याच हिशेबाने. एकटा गेला तर आमदारकी जाते, घोळका गेला तर मंत्रिपदं मिळतात. उत्तर प्रदेशात एखाद्या मोठ्या पक्षाचा असा घोळका जमवायला शंभरेक आमदार पटवावे लागतील. आपल्याकडे ते एका मिनीबसमध्ये मावतात.

बरं, दाद मागायची तर सभापतींकडे. २०१९ च्या फुटीवर त्यांचा निकाल आला एप्रिल २०२१ मध्ये, तोही फुटिरांच्या बाजूने. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तोच निकाल कायम केला २४ फेब्रुवारी २०२२ ला, म्हणजे पुढच्या विधानसभेचं मतदान आटोपून मतपेट्या मोजणीची वाट बघत असताना. सभापती निःपक्ष असतात असं मानणाऱ्यांनी १९९० आठवावं. लुईस प्रोतो बार्बोझांनी सभापतिपदावर असतानाच काँग्रेस सोडली आणि काही दिवसांत ते मुख्यमंत्री झाले. ते भाजपचे नव्हते, हे तुमच्या पहिल्या आक्षेपासाठी सांगतोय.

माझी मागणी एवढीच की चौथा परिच्छेद काढून टाका. ज्याला पक्ष सोडायचाय त्याने राजीनामा द्यावा आणि पुन्हा लोकांपुढे जावं. हे अशक्य नाही. विश्वजित राणे २०१७ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले, लगेच राजीनामा दिला, भाजपतर्फे वाळपईची पोटनिवडणूक लढवली आणि जिंकली. मला त्यांचं जाणं आवडलं नव्हतं, पण वाळपईकरांना विचारलं तरी गेलं. केप्याला कुणी विचारलं?

राहिला शेवटचा प्रश्न, कायदा बदलणार कोण. तुमची शंका रास्त आहे. तरीही १९८५ च्या मूळ कायद्यात एक-तृतीयांशांची फूटही चालायची. ती पळवाट २००३ मध्ये ९१ व्या घटनादुरुस्तीने बंद झाली, आणि ती याच पक्षांनी संसदेत बंद केली. माझ्या मते त्यामागे काही साधुत्व नव्हतं. छोट्या फुटी प्रत्येक पक्षश्रेष्ठीच्या डोक्याला ताप झाल्या होत्या. आज दोन-तृतीयांशांची फूटही कुणाला चुकलेली नाही. महाराष्ट्रात शिवसेना आणि राष्ट्रवादीचं काय झालं ते तुम्ही बघितलंत. अपात्रतेचा निवाडा सभापतींकडून काढून घ्यावा, असं तर निवडणूक सुधारणांसाठीच्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलंय, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मणिपूरच्या एका आमदाराच्या अपात्रतेच्या प्रकरणात संसदेला यावर विचार करायला सांगितलं. मसुदा नव्याने शोधायचा नाहीये.

ही दुरुस्ती पर्वरीत, म्हणजे गोव्याच्या विधानसभेत, होणार नाही, दिल्लीतच होईल. २०२७ ला दारात येणाऱ्या उमेदवाराला शपथ घालून काही उपयोग नाही. उत्तरेचा खासदार भाजपचा आहे, दक्षिणेचा काँग्रेसचा. चौथा परिच्छेद काढायला तुम्ही तयार आहात का, हे दोघांनाही लेखी विचारायचं माझ्या मनात आहे. तुम्ही दक्षिणेत राहता असं प्रतिक्रियेवरून दिसतं. पत्राचा मसुदा तयार झाला की इथे टाकतो, सही करणार का ते कळवा.