खुलासा : युरोपने कंबोडियाच्या मालावर बंदी घातलेली नाही

नागपूरच्या गांधीबाग-इतवारीतल्या कापड व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय : ‘मानवी हक्कांवरून युरोपने कंबोडियाचे कपडे बंद केले, आता ऑर्डरी आपल्याकडेच.’ हे खरं नाही. कृपया त्या भरवशावर माल भरू नका.

बंदी आणि सवलत काढणं यात मोठा फरक आहे. गरीब देशांचा शस्त्रास्त्रं सोडून बाकी माल युरोपीय संघ बिनशुल्क घेतो. कंबोडियात नोव्हेंबर 2017 मध्ये मुख्य विरोधी पक्ष न्यायालयाने विसर्जित केला, पुढच्या वर्षी सत्ताधाऱ्यांनी संसदेच्या सगळ्या 125 जागा घेतल्या. त्यानंतर युरोपीय संघाने चौकशी करून 12 ऑगस्ट 2020 पासून कंबोडियाची ही सवलत अंशतः काढली. काही कपडे, पादत्राणं, प्रवासी बॅगा आणि साखर, म्हणजे युरोपला जाणाऱ्या मालाचा साधारण पाचवा हिस्सा. त्यावर नेहमीचं आयातशुल्क लागतं, इतकंच. बाकी माल बिनशुल्कच जातो.

‘दबावाने हुकूमशाही नमली’ हे मेसेजमधलं दुसरं वाक्यही चूक. 2023 च्या निवडणुकीतून प्रमुख विरोधी पक्ष पुन्हा बाहेर ठेवला गेला आणि हुन सेन यांच्या जागी त्यांचाच मुलगा पंतप्रधान झाला. शुल्काचा भार मात्र शिलाई कारखान्यांवर आला, जिथे बहुतांश कामगार बायका आहेत. मला यातलं हेच सगळ्यात जास्त खुपतं.