निळा हापूस

आमच्या घराण्यात वस्तू टाकून देण्याची रीत नाही. माळ्यावर कापड नसलेल्या छत्रीचा दांडा आहे आणि दांडा नसलेल्या छत्रीचे कापडही आहे. दोन्ही एकाच छत्रीचे आहेत की नाहीत, हे तपासण्याचे काम गेली तीस वर्षे पुढच्या सुट्टीवर ढकलले जात आहे. त्यामुळे मागच्या गणपतीत मुंबईच्या मामेभावाने कचेरीतून भंगारात निघालेला अ‍ॅपलचा आयमॅक जी-4 संगणक गाडीच्या डिकीत घालून रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीपलीकडच्या आमच्या घरी आणला, तेव्हा त्याला योग्य पत्ता सापडला असेच म्हणावे लागेल.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करायला हवे. 2002 च्या जानेवारीत ते जगापुढे आले. खाली पांढराशुभ्र अर्धा गोल आणि त्या गोलात अख्खा संगणक. गोलातून वर निघालेली चकचकीत पोलादी मान आणि त्या मानेवर पंधरा इंची सपाट पडदा, जो एका बोटाने ढकलला तरी हव्या त्या बाजूला वळतो. त्या काळी कोणाला त्यात टेबलावरचा दिवा दिसला, कोणाला सूर्यफूल दिसले. आमच्या आईने चष्मा पुसून पाहिले आणि "अर्धा फणस पालथा घालून त्यावर बगळा उभा केलाय," असा निर्वाळा दिला.

"चालतो का?" मी विचारले.

"चालू होतो," मामेभाऊ म्हणाला.

मी घरबसल्या पुस्तकांची मुद्रिते तपासून पोट भरणारा माणूस आहे. तरीही या दोन क्रियापदांतला फरक त्या क्षणी माझ्या नजरेतून निसटला, याची मला आजही लाज वाटते.

चालू तो खरोखरच होत होता. बटण दाबताच देवळातल्या घंटेसारखा एक भारदस्त सूर निघे आणि पडद्यावर 2005 सालची कार्यप्रणाली अवतरे. तिच्या पुढची आवृत्ती घालावी, तर तिला निदान 867 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर लागतो आणि माझा होता 700 चा; म्हणजे आमचे यंत्र 167 गुणांनी नापास होऊन त्याच वर्गात बसून राहिलेले. आजची संकेतस्थळे त्या जुन्या ब्राउझरला दारातही उभी करत नव्हती. तेव्हा मुक्त स्रोताची कार्यप्रणाली, म्हणजे लिनक्स, त्यावर बसवण्याचे मी ठरवले. लिनक्स कोणत्याही यंत्रावर चालते, असे मी ऐकून होतो. ते खरेही आहे. फक्त 'कोकणात कुठल्याही वाटेने कुठेही जाता येते' हे वाक्य ज्या अर्थाने खरे आहे, त्या अर्थाने.

अडचण प्रोसेसरच्या जातीची आहे. या यंत्राच्या पोटातला प्रोसेसर पॉवरपीसी जातीचा. अ‍ॅपलने 1994 पासून तो आपल्या संगणकांत वापरला, 2005 च्या जूनमध्ये इंटेलकडे जात असल्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी ती सोयरीक पुरती केली. तयार प्रोग्रॅम प्रोसेसरच्या भाषेत उतरवलेला असतो, त्यामुळे इंटेलसाठी उतरवलेले इथे निरुपयोगी. प्रत्येक गोष्ट या प्रोसेसरसाठी पुन्हा कोणीतरी उतरवावी लागते. डेबियन हे लिनक्सचे 1993 पासूनचे जुनेजाणते रूप अनेक वर्षे हे काम इमानाने करत होते. 2017 साली नववी आवृत्ती आली तेव्हा अधिकृत यादीत पॉवरपीसीचे नाव नव्हते. त्यानंतर ते काम काही हौशी मंडळी 'डेबियन पोर्ट्स' या नावाखाली चालवतात. पोर्ट या शब्दाचा इथला अर्थ बंदर नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण ज्याने राजापूरची खाडी पाहिली आहे त्याला दुसरा अर्थ सुचणे कठीण आहे. एके काळी जिथे गलबते लागत आणि इंग्रजांची वखार होती, ते बंदर गाळाने भरले, मोठ्या जहाजांच्या वाटेवरून पुसले गेले, आणि तरीही भरतीची वेळ साधून एखादी होडी तिथे अजून येते. माझे सगळे सामान आता त्या होडीने यायचे होते.

पहिला प्रश्न कोऱ्या सीडीचा निघाला. आजकालचे लोक पेनड्राइव्हवरून कार्यप्रणाली घालतात. या फणसाला पेनड्राइव्हवरून उठायची सवय नाही, त्याला सीडीच हवी. रत्नागिरीच्या बाजारात मी चार दुकाने पालथी घातली. पाचव्या दुकानदाराने आपुलकीने विचारले, "बागेत टांगायला हवी ना? मग कोरी कशाला? वापरलेल्या घेऊन जा, माकडांना काय कळतंय!" शेवटी लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या एका फोटो स्टुडिओत धुळीखाली दोन कोऱ्या सीडी मिळाल्या. स्टुडिओवाल्याने त्यातली एक तिथेच भरून दिली आणि सवयीने वर गणपतीचे चित्र चिकटवून 'शुभविवाह' असे लिहूनही टाकले.

सी हे अक्षर दाबून धरत यंत्र सुरू केले की ते सीडीवरून उठते, असे शास्त्र सांगते. ते उठले नाही. मग दुसरा उपाय. कमांड, ऑप्शन, ओ आणि एफ या चार कळा एकदम दाबून यंत्र सुरू करायचे, म्हणजे ओपन फर्मवेअर नावाचा त्याचा अंतरात्मा बोलू लागतो. सुरू करायचे बटण गोलाच्या मागच्या अंगाला आहे. माझी चार बोटे कळांवर गुंतलेली, सौभाग्यवती यंत्राच्या पाठीशी हात घालून उभी.

"अहो, दाबू का?"

"थांब. माझी करंगळी सुटली."

"भात करपतोय."

"दाब, दाब!"

घंटा वाजली, पडदा पांढरा झाला आणि त्यावर स्वागताची एक ओळ उमटली. ही ओळ पाहून मला झालेला आनंद स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासाशी मुळीच सुसंगत नव्हता. या अंतरात्म्याची भाषा आहे फोर्थ, आणि तिच्याविषयी मला विनाकारण जिव्हाळा वाटतो. इतर भाषांत 'दोन अधिक तीन' असे लिहितात. फोर्थमध्ये आधी 2, मग 3, मग अधिकाचे चिन्ह आणि शेवटी उत्तर दाखवण्यासाठी टिंब. म्हणजे कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद! ज्यांचा जन्म मराठी वाक्यरचना दुरुस्त करण्यात गेला, त्यांना ही भाषा शिकवावी लागत नाही. मी दोन आणि तीन मिळवून पाहिले, यंत्राने 5 असे उत्तर देऊन वर 'ओके' म्हटले, आणि सीडी मात्र त्यानंतरही दीड तासाने वाचली. लेन्सवर धूळ होती.

पुढे बाकीचे सामान इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे होते. केबल भोकात जाईना. विजेरी लावून पाहिले, तर भोक लिंपलेले. गणपती ते दिवाळी हे यंत्र पडवीत पडून होते, तेवढ्या अवधीत कुंभारीण माशीने नेटवर्कच्या खाचेत मातीचे सुबक घर बांधले होते आणि शेजारच्या खाचेत दुसऱ्या घराचा पाया घातला होता. अशा प्रसंगी काय करावे, याचे मार्गदर्शन लिनक्सच्या कोणत्याही पुस्तिकेत नाही. मी सौभाग्यवतीच्या केसांच्या आकड्याने ती माती उकरून काढली. आई म्हणाली, "कुंभारणीचं घर मोडू नये." मोडले.

केबल गेली, तारा जुळल्या, आणि यंत्राने सामान घ्यायला नकार दिला. कारण असे की, डेबियनच्या सामानाच्या यादीवर तारखेची आणि सहीची मोहोर असते आणि यंत्राच्या मते ती तारीख अजून उजाडलेलीच नव्हती. यादी वैध व्हायला आणखी चाळीस हजारांहून अधिक दिवस थांबा, असे त्याचे नम्र म्हणणे होते. या जातीच्या यंत्रांचे घड्याळ 1 जानेवारी 1904 पासून सेकंद मोजते. आतली छोटी बॅटरी मेली की ते थेट त्या दिवशी जाऊन बसते. मी खिडकीबाहेर पाहिले. 1904 साली ब्रह्मदेशाचा पदच्युत थिबा राजा रत्नागिरीत होता, पण थिबा पॅलेस अजून उभा राहायचा होता. तो राजवाडा राजाला मिळाला 1910 साली. म्हणजे माझ्या टेबलावरच्या यंत्राला ठाऊक असलेल्या रत्नागिरीत राजा होता आणि राजवाडा नव्हता. अशा यंत्राला इंटरनेट समजावून सांगायचे होते. मी हाताने तारीख घातली. नवी बॅटरी अजून आलेली नाही, त्यामुळे रोज सकाळी आई देवापुढे पंचांग उघडते तेव्हा मीही यंत्राला तिथी सांगतो.

त्यानंतरची तीन रात्रींची कथा मी आटोपती घेतो, कारण त्या तीन रात्री पडद्यावर काहीच दिसत नव्हते आणि काहीच न दिसण्याचे वर्णन तरी किती करणार. चित्रांची जबाबदारी फर्मवेअरवरच सोपवणारी एक सूचना सुरुवातीच्या ओळीत लिहिल्यावर काळोख फिटला. उंदराला, म्हणजे माउसला, एकच बटण होते, तेव्हा उरलेली दोन बटणे मी एफ-11 आणि एफ-12 या कळांवर बसवली; एका हाताने उंदीर आणि दुसऱ्या हाताने कळ सांभाळताना पेटी वाजवल्यासारखे दिसते, असे घरच्यांचे मत पडले.

चौथ्या रात्री मी सर्वांना बोलावले आणि आमच्याच बागेतल्या आंब्यांचा मे महिन्यात काढलेला फोटो पडद्यावर उघडला. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेला, पिढ्यान्‌पिढ्या केशरी असलेला हापूस आमच्या डोळ्यांदेखत आकाशासारखा निळा होऊन पेटीत बसला होता. पाठीमागे पेटी धरून उभा असलेला मी स्वतः, नुकताच बुडून वर आल्यासारखा.

"औषध जास्त मारलंत वाटतं," सौभाग्यवती म्हणाली.

याचे कारण मला दोन दिवसांनी कळले आणि ते कळल्यावर राग उरला नाही. मोठी संख्या संगणकाच्या स्मृतीत तुकड्यातुकड्यांनी ठेवली जाते. इंटेलची रीत लहान तुकडा आधी ठेवण्याची, तर पॉवरपीसीची मोठा तुकडा आधी. आपण 25 लिहिताना दोन आधी लिहितो आणि 'पंचवीस' म्हणताना पाच आधी म्हणतो; म्हणजे आपली लेखणी पॉवरपीसी आहे आणि जीभ इंटेल. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचायला सांगितले, तेव्हा महाराष्ट्रात केवढे रान उठले होते! माझ्या यंत्रात तोच वाद रंगांवरून पेटलेला होता. चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या कर्त्याने इंटेलचीच रीत गृहीत धरली होती, त्यामुळे तांबड्याच्या जागी निळा आणि निळ्याच्या जागी तांबडा वाचला जात होता. दुसरा प्रोग्रॅम घातल्यावर आंबे पिकले.

शेजारचे अण्णा या काळात रोज संध्याकाळी प्रगती पाहायला येत. "तुझ्या वेळेची मजुरी तासाला दोन रुपये धरली, तरी एव्हाना नवा लॅपटॉप आला असता," हा हिशेब त्यांनी पहिल्याच आठवड्यात मांडला होता. ब्राउझर सुरू होईपर्यंत त्यांचा चहा पिऊन होई आणि पान उघडेपर्यंत सुपारी कातरून. हलका ब्राउझर घातला, तो झटकन उघडे. पण त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे येऊन बसे. 'किनारा'चे 'कनिारा' झालेले पाहून माझा हात आपोआप लाल पेनाकडे गेला आणि पडद्यावर खूण करता करता राहिला. मग जड ब्राउझरच बरा वाटला. मराठी टंकलेखन मात्र पहिल्याच दिवशी बिनतक्रार जमले, 'लोहित देवनागरी' या टंकाची अक्षरे स्वच्छ उमटली, आणि साधा मजकूर लिहायला 700 मेगाहर्ट्झही पुरून उरतात, हे मी अण्णांना तीन वेळा सांगितले.

"ते ठीक," अण्णा म्हणाले, "पण तू ह्याच्यावर करतोस काय?"

मी उत्तर जुळवत होतो, तोवर आईने परस्पर दिले. "काड्यापेटी सुकते." गोलाच्या माथ्यावर, मानेभोवती, गरम हवा बाहेर सोडणाऱ्या भोकांचे कडे आहे. आषाढात मीठ पाणावते, पापड वाकतात आणि काडी घासली की तिचे डोके गळून पडते. अशा दिवसांत ती जागा आईने हेरली होती. मी मुद्रिते तपासत असताना माझ्या पडद्याच्या मानेशी दोन काड्यापेट्या आणि कधी कधी हळदीची पुडी शेकत बसलेली असते. दुपारी मी यंत्र बंद करू लागलो की आई आतून विचारते, "एवढ्यात?"

यंदाच्या गणपतीत मामेभाऊ पुन्हा आला. लाईट गेलेली होती, इन्व्हर्टरवर देवापुढची माळ आणि माझे यंत्र एवढेच चालू होते. त्याने निळ्याचा केशरी झालेला हापूस पाहिला, काड्यापेट्या पाहिल्या आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ऐक ना, कचेरीत आणखी एक निघालाय. पॉवर मॅक जी-5. दोन प्रोसेसरवाला. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स स्वतः काही दिवस असाच वापरत होता."

"वजन किती?" मी त्याहून खालच्या आवाजात विचारले.

"वीसेक किलो. पण वाऱ्याची काळजी नको, आत नऊ पंखे आहेत."

सौभाग्यवती मोदकांचे ताट घेऊन मागे उभी होती. तिने एकदा वर, थांबलेल्या पंख्याकडे पाहिले. आमच्या सबंध घरात मिळून पंखे चार आहेत.

"भाऊजी," ती म्हणाली, "आधी लाईट आणा."