पवनेच्या काठावरचे तंबू आणि आपल्या नळाचं पाणी

मावळ तालुक्यातल्या पवना धरणावरचं कॅम्पिंग कायमचं बंद करा, अशी एक पोस्ट कालपासून ग्रुपवर फिरतेय. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी अंगठा दिलाय. त्यातले बरेच जण गेल्याच हिवाळ्यात तिथे तंबूत राहून आले, हे सोडून देऊ.

मी पिंपरी-चिंचवडचा. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलून, शुद्ध करून आमच्या नळाला. नोव्हेंबर 2019 पासून तेही दिवसाआड. त्यामुळे तिथल्या घाणीबद्दल माझाही जीव जळतो. पण बंदी मागणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात काठावर जाऊन यावं.

धरणाचा काठ एका जागी नसतो. पावसाळा सरता सरता साडेआठ टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) साठा भरला की पाणी वरच्या गवतापर्यंत टेकतं. मग ते उतरत जातं. उन्हाळ्यात वाघेश्वराचं दगडी देऊळ उघडं पडतं आणि लोक भेगाळलेल्या गाळातून चालत जाऊन दर्शन घेतात. गिऱ्हाइकाला मात्र तंबूच्या दारातून पाणी दिसायला हवं असतं. म्हणून पाणी जसं मागे सरतं तसे तंबू खाली उतरतात आणि त्यांच्यामागोमाग संडासही. पत्र्याची खोली, आत कमोड, खाली सिमेंटच्या दोन-तीन रिंगा टाकलेला खड्डा. मार्चमध्ये कोरड्या जमिनीवर खणलेला तो खड्डा ऑगस्टमध्ये पाण्याखाली जातो. बार्बेक्यूच्या प्लेटा आणि बाटल्यांवर सगळे बोलतात, कारण त्या फोटोत येतात. या खड्ड्याचा फोटो कोण काढणार?

आता जमीन कुणाची? धरणासाठी संपादित झालेली सगळीच जमीन बुडाली नाही. जी वर राहिली तिचा सातबारा सरकारच्या नावावर, पण तिथे वावर जुन्या मालकांचाच. धरण बांधलं गेलं 1976 च्या पुनर्वसन कायद्याच्या आधी, आणि पर्यायी जमिनीसाठी शेकडो खातेदारांच्या पुढच्या पिढ्या अजून सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवतायत. त्याच मावळात 9 ऑगस्ट 2011 ला बऊरला, पवनेतून पिंपरी-चिंचवडला पाणी नेणाऱ्या बंद जलवाहिनीविरोधातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. पाणी आमच्याच शहराला येणार होतं. तेव्हा 'तंबू उठवा' हे आपण शहरातल्यांनी जरा जपून बोलावं. ज्यांची शेती गेली त्यांच्यातल्या कित्येकांना तंबूंनी दोन पैसे मिळतात. (सगळेच तंबू गाववाल्यांचे नाहीत, हेही खरं. जागा स्थानिकाची, ऑनलाइन बुकिंग दुसऱ्याचं आणि नफाही बहुतेक दुसऱ्याचाच.)

मार्ग नवा शोधायला नको. धरणांच्या उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनी हंगामापुरत्या कसायला देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच, आणि त्यात प्रकल्पग्रस्तांचा मान पहिला. तंबूंनाही तीच पद्धत लावा. हंगामी परवाना प्रकल्पग्रस्तांच्या नावावर, आणि तो दुसऱ्याला भाड्याने दिला तर रद्द. पूर्ण साठ्याची पातळी दगड रोवून दाखवा. त्या दगडांच्या खाली फार तर तंबू. संडास, स्वयंपाक, पार्किंग सगळं वर. मैला साठवायला बंद टाक्या, त्या उपसायला गाडी आणि त्याचा खर्च परवान्याच्या फीमधून. रात्री दहानंतर स्पीकर वाजला तर दंड. यासाठी समिती नेमायची गरज मला तरी दिसत नाही.

पोहण्याचं मात्र वेगळं. तिथे मी बंदीच्याच बाजूचा. पाण्याखाली जुन्या शेतांच्या ताली, म्हणजे बांध, आहेत. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस एका पावलात पुरुषभर पाण्यात जातो, आणि खाली गाळ. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईआदेश निघाले. आदेश पावसाळ्यापुरते असतात. पवनेत बुडण्याच्या बातम्या मात्र उन्हाळ्यातही येतात. लाइफ जॅकेट आणि बुडणाऱ्याला दोर टाकता येणारा माणूस काठावर नसेल तर परवाना देऊच नये.

साहसी पर्यटनाचं धोरण राज्याने 2021 मध्ये आणलं, नोंदणी वगैरे सगळं त्यात आहे. पण जमिनीचाच घोळ मिटलेला नसेल तर नोंदणीला जाणार कोण, आणि कुठला कागद दाखवणार?

तोवर बुकिंग करताना जेवणात काय आहे हे विचारून झालं की मालकाला एवढंही विचारा: संडासाची टाकी कुठे आहे आणि ती उपसायला गाडी शेवटची कधी आली होती?