चुन्याचा गिलावा तीन महिन्यांत का पडतो? ‘रावपुरेकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

रावपुरेकर,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत न आटपता सविस्तर लिहितो. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या तुमच्या वडिलोपार्जित दुमजली घराचा खालचा मजला तुम्ही मे महिन्यात चुन्याने गिलावून घेतला. ऑगस्टमध्ये खालच्या तीन फुटांचे पोपडे हातात आले, वरचा भाग शाबूत आहे. जुनी घरं उन्हाळ्यात थंड असतात हे तुम्हाला पटत नाही, कारण तिथे आणि गोत्रीच्या फ्लॅटमध्ये, दोन्हीकडे भिंतीवरचं घड्याळ दुपारी ३४ अंशच दाखवतं. आणि शेवटी, “हे पैसेवाल्यांचे चोचले. पाडा आणि स्लॅबचं बांधा, तेच टिकाऊ.”

आधी गिलावा. “वरचा शाबूत, खालचे तीन फूट गेले” या तुमच्याच वाक्यात निम्मं निदान आहे. चुना वाईट असता तर भिंत वरपासून खालपर्यंत सारखीच भुसभुशीत झाली असती. फक्त तळ गेला, म्हणजे पाणी जमिनीतून चढतंय आणि सोबत क्षार आणतंय. पाणी उडून जातं, क्षार गिलाव्याच्या मागे स्फटिक होऊन बसतात, फुगतात आणि गिलावा ढकलून देतात. आपल्याकडे बायका ‘भेज आलाय’ म्हणतात किंवा ‘लोणा लागलाय’ म्हणतात, तो हाच. अशा भिंतीला नुसता नवा गिलावा चढवणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

पाणी येतं कुठून ते आधी शोधायचं. जुन्या शहरात पहिला संशयित रस्ता. दर डांबरीकरणाला जुना थर न खरवडता वर नवा चढतो, आणि कधीकाळी दोन पायऱ्या वर असलेलं जोतं आता रस्त्याच्या बरोबरीला आलेलं असतं. दुसरा, वरच्या न्हाणीचा भिंतीत गाडलेला पाइप. तिसरा, गच्चीचं पाणी जोत्याच्या पायाशीच सोडणारी पन्हळ. चौथ्याकडे कुणी बघत नाही. खालच्या मजल्यावर सिमेंट-काँक्रीट घालून वर टाइल्स लावल्या की जमिनीतली ओल फरशीतून बाहेर पडू शकत नाही आणि भिंतीकडे वळते. ओल भिंतीतून येतेय की हवेतून, हे ठरवायला साधी परीक्षा आहे. भिंतीवर एक फूट चौरस जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल आतून येतेय. खोलीकडच्या बाजूला आले तर ती हवेतली आहे, पावसाळ्यात तेही होतं. टोचण्याच्या ओलमापकावर मात्र विटांच्या भिंतीत विसंबू नका. तो विजेचा प्रवाह मोजतो, आणि क्षार असले की कोरडी भिंतही ओली दाखवतो. लाकडासाठी तो उत्तम.

कारण बंद केल्यावर जुनं सिमेंट प्लास्टर छिन्नी-हातोडीने काढायचं, ब्रेकर लावायचा नाही, कारण ब्रेकरने विटेचा भाजलेला कडक पापुद्राच निघतो आणि आतली मऊ वीट उघडी पडते. क्षाराची रेघ जिथे दिसते तिच्या वर आणखी दीड-दोन फूट उघडं करा. दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, पंधरा-वीस मिलीमीटर खोल खरवडा. आणि मग थांबा. जुना ठोकताळा असा की भिंत महिन्याला एक इंच वाळते. तुमची भिंत दीड फुटाची आहे. दोन्ही बाजूंनी उघडी ठेवली तर नऊ महिने. एवढं थांबायला कुणी तयार नसतं हे मान्य, पण निदान एक पूर्ण हिवाळा द्या. क्षार फार असतील तर कागदाचा लगदा आणि माती पाण्यात कालवून बोटभर जाड लेप लावा, पूर्ण वाळू द्या, काढून फेकून द्या. दोन-तीनदा केलं की फरक पडतो. काढलेला लेप अंगणात टाकू नका, तोच क्षार पावसात परत जोत्यात जातो. विश्वामित्रीचं पाणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरात शिरलं होतं, त्यांनीही हेच करायला हवं होतं. महिन्याभरात पुट्टी आणि प्लास्टिक पेंट लावून ज्यांनी भिंती ‘नव्या’ केल्या, त्यांच्याकडे आता पोपडे सुटताहेत.

आता मे महिना. चुना वाळून कडक होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत दगड होतो, आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. बेचाळीस अंशांत गरम वारा वाहत असताना पातळ थर काही तासांत कोरडा पडतो. वरून कडक दिसतो, नखाने खरवडला की पीठ. हे काम दसऱ्यानंतर सुरू करून होळीपर्यंत संपवायचं. एका वेळी दहा-बारा मिलीमीटरच थर. नख रुतेनासं झालं की त्यावर तिरप्या रेघा ओढायच्या. दुसरा थर सात-दहा दिवसांनी. ओलं गोणपाट निदान आठवडाभर. प्रमाण एक भाग मुरलेला चुना, तीन भाग भरण. ओलीच्या तळाला त्या तीनातली निम्मी सुरखी (विटेची पूड) घ्या, वाळू निम्मी. सुरखी कमी भाजलेल्या, फिकट विटेची हवी. काळपट झामा विटेची पूड नुसती वाळू असते, चुन्याशी तिचं काही जमत नाही. दुकानातली पिशवीतली चुनापूड वापरली असेल तर तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. जोरात फसफसली तर ती गोदामातच हवा खाऊन मेलेली आहे. शक्यतो कळीचा (न विझवलेला) चुना आणून पिंपात विझवा आणि पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरवा.

तुमच्या कडियाने (गवंड्याने) ‘मजबुतीसाठी’ मूठभर पांढरं सिमेंट घातलं होतं, हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय. तिथेच घात झाला. थोडं सिमेंट आधी घट्ट होतं आणि चुन्याला सावकाश पकडू देत नाही. मग धड सिमेंटचा जोर नाही, धड चुन्याचा श्वास नाही.

उष्णतेकडे येऊ. घड्याळातला तापमापक एखाद्या अंशाने सहज चुकतो, आणि दोन घरांत दोन वेगळी घड्याळं. पण समजा दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्हीकडे हवा खरोखर ३४ अंश आहे. तरी अंगाला लागतं ते फक्त हवेचं तापमान नाही; भिंती आणि छत यांच्याकडून येणारी झळ निम्मा वाटा उचलते. फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल तर उन्हात तापलेल्या स्लॅबचा खालचा भाग संध्याकाळी चाळिशी गाठतो. समजा तिथे झळीची, म्हणजे भिंती-छताच्या तापमानाची, सरासरी ३७ आणि दांडिया बाजारात ३२. तर अंगाला लागणारं तापमान एकीकडे साडेपस्तीस, दुसरीकडे ३३. घड्याळात फरक शून्य, माणसाला अडीच अंश. मोजायचं असेल तर टेबल टेनिसचा चेंडू घ्या, मंद काळा रंग द्या, त्यात तापमापकाची तार खुपसून खोलीच्या मधोमध साडेतीन फुटांवर टांगा. छताचं तापमान इन्फ्रारेड बंदुकीने दुपारी चार आणि रात्री नऊला घ्या. चकचकीत पत्र्यावर ती खोटं बोलते, तिथे आधी काळी चिकटपट्टी लावून पट्टीवर नेम धरा.

नोंद ठेवणारे तापमान-आर्द्रतेचे छोटे मापक आता महाग नाहीत. चार घ्या. सगळे एका बंद डब्यात रात्रभर ठेवून आपसातला फरक लिहून काढा. आर्द्रता तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर ओलं होईल इतपतच पाणी, मापकासह बंद पिशवीत बारा तास. ७५ टक्के दाखवायला हवं. मग एक बाहेर सावलीत, एक दुरुस्त केलेल्या खोलीत, एक दुरुस्त न केलेल्या तशाच खोलीत, एक फ्लॅटमध्ये. ही तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची. गेल्या मेची यंदाच्या मेशी तुलना करून काही सिद्ध होत नाही, दोन उन्हाळे सारखे नसतात. त्याच दिवसांत, त्याच घरात, दुरुस्त आणि नादुरुस्त यांतला फरक तेवढा खरा. वीजबिलावर जाऊ नका; दोन महिन्यांच्या बिलात पाहुणे, सुट्ट्या, नवा फ्रिज सगळंच मिसळलेलं असतं.

आणि सरासरी काढू नका, तास मोजा. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतीय इमारतींसाठी एक सूत्र बसवलं आहे. गेल्या ३० दिवसांच्या बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणायचं आणि १२.८३ मिळवायचे. आलेल्या आकड्याच्या वर-खाली २.३८ अंशांत दहातल्या नऊ जणांना ठीक वाटतं. बाहेरची सरासरी ३३ असेल तर वरची मर्यादा ३३ च्या आसपास येते. सूत्र कार्यालयांवरून आलंय. घरी बनियनवर, पंख्याखाली माणूस आणखी थोडं सोसतो. पण महिन्यातले किती तास त्या मर्यादेच्या वर गेले, हा आकडा दुरुस्तीचं खरं प्रगतिपुस्तक आहे.

तुमच्या घराचे हे तास वाढवणारी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. घरामधल्या उघड्या चौकावर फायबरचा पत्रा टाकलाय. दीड फुटी विटांच्या भिंतीतून उष्णता आत पोचायला बारा-चौदा तास लागतात, म्हणजे दुपारचं ऊन भिंत पहाटेपर्यंत धरून ठेवते. ती रात्री रिकामी झाली नाही तर चार दिवसांत भट्टी होते. रिकामी करायचं काम चौकाचं. गरम हवा तिथून वर जाते, खालच्या ओट्याच्या दारातून गार हवा येते. तुम्ही धुराड्याला बूच मारलंत, वर काचघर केलंत. पत्रा ठेवायचाच असेल तर दीड-दोन फूट उचलून बसवा, चारही बाजू उघड्या, पागोळी चौकाच्या कडेपासून फूटभर बाहेर. सकाळी आठला खिडक्या बंद, रात्री नऊनंतर उघड्या, डासांना जाळी. जाळीने वारा कमी होतो, म्हणून जमेल तिथे जाळी खिडकीपेक्षा मोठ्या चौकटीत बाहेर काढून लावा. धाब्यावर पांढरी चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी हा गुजरातचा जुना आणि अजूनही सरस उपाय आहे. नाहीतर दर मार्चमध्ये धुऊन चुन्याचे दोन हात. वडोदऱ्याच्या धुळीत न धुतलेलं पांढरं छत वर्षभरात करडं होतं, आणि मग लोक म्हणतात फरक पडला नाही.

राहिलं ‘पाडा आणि बांधा’. काही घरं पाडायलाच हवीत, यात वाद नाही. पण कोणती, ते भेगा बघून घाबरून ठरवू नका. आपल्याकडे काळी माती आहे. ती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, भेगाही मेमध्ये उघडतात आणि सप्टेंबरात मिटतात. भेगेच्या दोन्ही बाजूंना खिळ्याने खूण करून व्हर्नियरने (बारीक अंतर मोजायच्या मापकाने) महिन्याला एकदा अंतर घ्या, तारखेसह भिंतीवरच लिहा. वर्षाने आकडा जिथून निघाला तिथे परत आला तर भेग ऋतूची आहे, चुन्याने भरा. दर वर्षी उरलेली फट वाढत असेल तर पाया हलतोय. तेव्हा संरचना अभियंता, ब्लॉग नव्हे. कडीपाटाच्या (लाकडी तुळया-फळ्यांच्या छताच्या) कड्या भिंतीत जिथे शिरतात तिथे टोच्याने टोचून बघा, कुजायची सुरुवात तिथेच होते. लाकडाची ओल २० टक्क्यांच्या आत असेल तर बुरशी धरत नाही. कुजलेलं टोक कापून जुन्या सागाचा तुकडा तिरप्या जोडाने बोल्टने बसवता येतो. भिंतीच्या खोबणीत कडीभोवती बोटभर मोकळी जागा ठेवा, सिमेंटने लिंपू नका.

तुम्ही माडीवर दोन इंच काँक्रीट घालून टाइल्स बसवल्यात ना? काँक्रीटचे चौरस मीटरला सव्वाशे किलो, खालचा मसाला आणि टाइल्सचे साठेक. घरात माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला २०० किलो धरतात. म्हणजे जवळजवळ आणखी एक घरभर माणसं तुम्ही कड्यांवर कायमची उभी करून ठेवलीत. कड्या वाकल्या तर दोष सागाचा नाही.

आणि ‘टिकाऊ’चा हिशोब. हजार चौरस फूट स्लॅबच्या बांधकामाला ठोकळमानाने चारशे पोती सिमेंट, म्हणजे वीस टन, आणि चार टनांच्या आसपास सळई लागते. सिमेंटच्या टनामागे पाऊण टन आणि पोलादाच्या टनामागे अडीच टन कार्बन डायऑक्साइड धरला तर विटा-वाळू सोडून पंचवीस टन होतात. आपल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो पडतो. म्हणजे हे सुमारे ३५ हजार युनिट झाले. एक एसी तासाला एक युनिट, रोज आठ तास, उन्हाळ्याचे शंभर दिवस चालवला तर चाळीस वर्षांहून जास्त. चुन्याची भट्टीही धूर सोडतेच, फक्त कडक होताना चुना त्यातला काही वाटा परत घेतो आणि तो लागतो थोडा.

पैशांचं म्हणाल तर पन्हळ जोत्यापासून दूर नेणं, वरचा पाइप भिंतीबाहेर काढणं, चौकाचा पत्रा उचलणं, धाबं पांढरं करणं ही यातली सगळ्यात स्वस्त कामं आहेत, आणि फायदा त्यांचाच मोठा. गिलावा शेवटी. भाडेकरू आणि मालक यांतलं कोणी खर्च करायचा, तो वाद वेगळा, त्यात पडत नाही.

पडलेल्या पोपड्यांतला एखादा ठेवला असेल तर त्याच्या मागच्या बाजूचा फोटो टाका. मागे पांढरी कापसासारखी बुरी असेल तर क्षार, विटेची लाल पूड चिकटली असेल तर जुनं प्लास्टर काढताना वीट सोलली गेली, आणि मागची बाजू अगदी गुळगुळीत असेल तर दरजा खरवडल्याच नव्हत्या. तिन्हींची दुरुस्ती वेगळी आहे, म्हणून फोटो बघितल्याशिवाय कडियाला परत बोलावू नका.