रू, मॉमॉ आणि माझा खांदा

अमेरिकेतल्या लुईझियानात पहिली थंडी पडली (थंडी म्हणजे आपली नाशिकची, पण लोक लगेच कानटोप्या काढतात) की घरोघर गम्बो चढतो, म्हणजे भातावर घ्यायचं इथलं दाट कालवण. लाफाएटला येऊन दोन वर्षं झाल्यावर एकदाचं मला शेजाऱ्यांकडून आमंत्रण आलं. मी आपला जेवायला म्हणून गेलो. दार त्यांच्या नातवाने उघडलं आणि कडकडून मिठीच मारली, एवढं प्रेम कशाबद्दल ते तेव्हा कळलं नाही.

आत आजी. सगळे त्यांना मॉमॉ म्हणतात म्हणून मीपण. त्यांनी माझ्या हातात लाकडी उलथनं दिलं आणि म्हणाल्या, "शा, ढवळ." शा म्हणजे बाळा, राजा असं काहीतरी, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलेलं की मला बघून श्या म्हणतायत.

तर रू, म्हणजे गम्बोचा पाया, तेलात भाजलेला मैदा. जेवढं तेल तेवढाच मैदा, बिडाचं जाड भांडं, मंद आच आणि पाऊण तास हात थांबवायचा नाही. मी मनात म्हटलं, हॅ, दिवाळीला आईबरोबर बेसन भाजलंय की! पण बेसनाला खमंग वास सुटला की आई म्हणते झालं, उतरव. इथे वास सुटल्यावर मॉमॉ खुर्ची ओढून बसल्या.

भांडण सगळं रंगावरून. मॉमॉचे जावई म्हणाले पीनट बटरचा रंग आला, बास. मॉमॉच्या बहिणीला तांब्याच्या नाण्याचा पाहिजे. मॉमॉ म्हणाल्या आमच्या आईच्या घरी चॉकलेट व्हायचा, त्याच्या आत गम्बोच नाही. मग तिघं फ्रेंचमध्ये भांडायला लागले. मला विचारलं असतं तर तो रंग तिळाच्या चिक्कीचा होता, पण विचारतंय कोण. तेवढ्यात आईचा फोन आला, मी दहाच सेकंद खिशात हात घातला आणि भांड्यात काळे ठिपके. मॉमॉ उठल्या, बघितलं, अख्खा रू फेकला. ठिपका आला की चमच्याने वरवर काढून भागत नाही म्हणे, सगळं कडू होतं.

पुन्हा तेल, पुन्हा मैदा. मनगटावर एक थेंब उडाला, इकडे त्याला गमतीने केजन नेपाम म्हणतात (केजन म्हणजे मॉमॉंसारखे इथले फ्रेंच वंशाचे लोक, नेपाम म्हणजे बॉम्बमधलं चिकटून जळणारं रसायन), गंमत अजून दिसतेय मनगटावर.

मी पळून जाऊ नये म्हणून असेल, मॉमॉंनी इतिहास काढला. 1755 पासून इंग्रजांनी त्यांच्या पूर्वजांना कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून जहाजांत कोंबून हाकललं, ते अकेडियन, बोलता बोलता घासून केजन झालं. लोक वणवण करत 1765 मध्ये लुईझियानात पोचले, दहा वर्षं संपली, माझा रू अजून पीनट बटरलाच!

शेवटी चॉकलेट आलं. मग कांदा, सेलरी, ढबू मिरची एकदम आत, चर्रर्र, आणि असला वास की मी खांदा विसरलो. यांना इथे होली ट्रिनिटी म्हणतात, म्हणजे आपलं आलं-लसूण-मिरची, फक्त देवपण दिलेलं. पुढे चिकन, आंदुई नावाचं धुरावलेलं सॉसेज, स्टॉक, आणि दोन तास कोणीही काही ढवळत नाही.

त्या वेळात आईला फोन लावला. म्हटलं गम्बो म्हणजे आफ्रिकन भाषेत भेंडी.

"भेंडीला पाऊण तास?"

"यात भेंडी नाहीये अगं."

"मग नाव कशाला भेंडी?"

हे मी मॉमॉंना विचारलं नाही, मला जेवायचं होतं. या घरी भेंडीऐवजी सासाफ्रासच्या वाळलेल्या पानांची पूड घालतात, फिले, मूळची चॉक्टॉ या इथल्या आदिवासी लोकांची, तीसुद्धा भांडं उतरवल्यावर, नाहीतर तार सुटते. भात, त्यावर गम्बो आणि त्यात मधोमध बटाट्याच्या सॅलडचा गोळा. मी म्हटलं हे काय, आणि तीन वाट्या खाल्ल्या.

मॉमॉंनी चव घेतली. "अजून पाच मिनिटं ढवळायला हवं होतं." बहीण म्हणाली, "पाच मिनिटं जास्तच झालंय."

निघताना नातू डबा घेऊन दारापर्यंत आला. म्हणाला, गेली आठ वर्षं हे काम माझ्याकडे होतं, ख्रिसमसला सीफूड गम्बो आहे, तू येतोयस, मी मॉमॉला सांगून ठेवलंय.